वेळापत्रकातली वाफ : बाल्टिकच्या किनाऱ्यापासून ड्रेस्डेनपर्यंत

माथेरानच्या गाडीची मूळ वाफेची इंजिनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन उंड कोप्पेल या कंपनीची. त्यांच्या टोकाच्या चाकांचे कणे पोकळ होते, त्यामुळे वळण आलं की ती चाकं रुळाच्या कलाने थोडी वळत. ही युक्ती सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या इंजिनिअरांची. आपल्याकडे ती इंजिनं आता नुसती बघायला उरली आहेत. जर्मनीच्या पूर्व भागात मात्र वाफेच्या छोट्या गाड्या आजही छापील वेळापत्रकाप्रमाणे रोज सुटतात, आणि सणासुदीलाच नव्हे तर नोव्हेंबरच्या पावसातल्या मंगळवारीही.

त्या टिकल्या त्या काही प्रेमापोटी नव्हे. पश्चिम जर्मनीने नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांचे मार्ग, उखडून बस चालू केल्या. पूर्वेकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून १९५० च्या दशकात पोट्सडामजवळच्या बाबेल्सबर्गला नॅरो गेजसाठी चक्क नवी वाफेची इंजिनं बांधली गेली. पुढे बरेच मार्ग तिथेही बंद पडले, पण सुट्टीच्या गावांना जाणारे काही ठेवले. १९९० नंतर जिल्हे आणि नगरपालिकांनी ते चालवायला घेतले.

आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे आलो, सप्टेंबरमध्ये. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि उन्हाळी फेऱ्या अजून चालू असतात. मोठ्या गावांमधल्या प्रवासाला प्रादेशिक गाड्यांचं डॉइचलांड-तिकीट पुरतं. वाफेच्या गाडीला बहुतेक ठिकाणी वेगळं तिकीट लागतं, ते खिडकीवर किंवा गाडीतच मिळतं.

सोमवार : बाड डोबेरान

रोस्टॉकहून प्रादेशिक गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत बाड डोबेरान. मोठ्या स्टेशनला लागूनच ९०० मिलिमीटर गेजची 'मोली' उभी असते. मार्ग १५.४ किलोमीटरचा, क्युलुंग्सबोर्न वेस्टपर्यंत साधारण चाळीस मिनिटं. १८८६ मध्ये ही गाडी हाइलिगेनडामपर्यंत सुरू झाली, १९१० मध्ये पुढे वाढली.

तिची खरी गंमत पहिल्या दोन किलोमीटरमध्ये आहे. स्टेशन सोडलं की रूळ सरळ गावात शिरतात. एका ठिकाणी गल्ली इतकी अरुंद होते की खिडकीतून हात काढला तर दुकानाच्या पाटीला लागेल. (काढू नका. गार्ड फार मोठ्याने ओरडतो.) इथे वेग ताशी दहा किलोमीटर, आणि इंजिनावरची घंटा अखंड वाजत असते. ही घंटा दोरीने ओढायची नसते. वाफेचा झोत आत एक छोटा हातोडा उचलतो आणि टाकतो, ड्रायव्हरने फक्त एक झडप उघडायची.

रस्त्यातल्या रुळाचे दोन त्रास. खाचेत माती आणि पानं साठतात, ती उपसावी लागतात. आणि माल उतरवायला आलेल्या टेम्पोवाल्याला आपली गाडी रुळाच्या किती जवळ आहे ते कळत नाही. आमच्या फेरीत नेमकं हेच झालं. बेकरीसमोर पांढरी व्हॅन उभी, इंजिन तिच्यापासून चार पावलांवर थांबलेलं, घंटा चालूच. गार्ड उतरला, बेकरीत गेला, व्हॅनवाल्याला घेऊन बाहेर आला. कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही. तीन मिनिटं उशीर, आणि तो पुढे लिंडनच्या झाडांच्या रांगेतून जाताना भरून निघाला, कारण गावाबाहेर ही गाडी ताशी पन्नासपर्यंत जाते. नॅरो गेजच्या मानाने हे बरंच झालं.

इंजिनाचा नंबर जरूर बघा. ९९ २३२१ ते २३२३ ही तीन इंजिनं १९३२ ची, ओरेनस्टाइन उंड कोप्पेलचीच. ९९ २३२४ दिसायला अगदी त्यांचं भावंड, पण ते २००९ चं आहे. दक्षिण थुरिंगियातल्या माइनिंगेनच्या रेल्वे वर्कशॉपने ते जुन्या आराखड्यावरून नवं बांधलं. इंग्लंडच्या नव्याने बांधलेल्या 'टॉर्नेडो' इंजिनाचा बॉयलरही याच वर्कशॉपचा. जर्मनीत तोवर नेहमीच्या गाड्यांसाठी नवी वाफेची इंजिनं बांधणं कधीच बंद झालं होतं. मग आता कशाला? कारण उन्हाळ्यात एकावेळी एकाहून जास्त गाड्या धावतात आणि बॉयलरची मोठी तपासणी निघाली की एक इंजिन कित्येक महिने अडकून पडतं. एक जास्तीचं इंजिन हवं होतं आणि ९०० मिलिमीटरचं इंजिन सेकंडहँड बाजारात मिळत नाही.

समुद्र दिसेल या आशेने खिडकी धरून बसू नका, रूळ जरा आतून जातात. हाइलिगेनडामला उतरा (१७९३ पासूनचं समुद्रस्नानाचं ठिकाण, पांढऱ्या इमारतींची रांग), किनाऱ्यावर चक्कर मारा आणि पुढची गाडी पकडा. क्युलुंग्सबोर्नला पावात घातलेला आंबवलेला हेरिंग मासा मिळतो, वर कच्चा कांदा. आपल्या जिभेला आंबटपणा आवडतो, त्यामुळे हा पटकन जमतो.

मंगळवार : र्‍युगेन बेट

'रासेंडर रोलांड', म्हणजे सुसाट रोलांड. गाडीचा कमाल वेग ताशी तीस. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. पुटबुस ते गोरेन हा मार्ग २४ किलोमीटरचा, ७५० मिलिमीटर गेजचा. इथली ५२ एमएच आणि ५३ एमएच ही इंजिनं अनुक्रमे १९१४ आणि १९२५ ची, आज पोलंडमध्ये असलेल्या श्चेचिन शहरातल्या व्हुल्कान कारखान्याची.

पाहण्यासारखी वेगळी गोष्ट पुटबुस ते लाउटरबाख मोले या जेमतेम अडीच किलोमीटरच्या तुकड्यात आहे. तिथे तीन रूळ आहेत. एक बाजू सामाईक, दुसऱ्या बाजूला ७५० साठी एक आणि मोठ्या गाडीसाठी एक. मोठी रेलबस आणि छोटी वाफेची गाडी एकाच वाटेने बंदरापर्यंत जातात, अर्थात एका वेळी एकच. सांध्याजवळ वाकून बघा. तिसरा रूळ आत येतो तिथे किती लोखंड गुंतलेलं आहे ते कळतं. बाकी बीचच्या जंगलातून जाणारा रस्ता सुंदर, पण मोलीनंतर इथे नवं असं फार काही नाही. वेळ कमी असेल तर वगळायचा दिवस हाच.

बुधवार : प्रवास

र्‍युगेनहून हार्त्स डोंगरापर्यंत मध्ये गाड्या बदलत जवळजवळ पूर्ण दिवस जातो. मुक्काम व्हेर्निगेरोडेला करा, तोही स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी गाठायची आहे.

गुरुवार : ब्रॉकेन

हार्त्सचं जाळं १४० किलोमीटरचं, मीटर गेज. त्यातला ब्रॉकेनचा फाटा सगळ्यात प्रसिद्ध. ११४१ मीटरचा हा डोंगर पूर्व-पश्चिम सीमेला खेटून होता. ऑगस्ट १९६१ मध्ये प्रवाशांना बंदी झाली आणि वर हेरगिरीची केंद्रं बसली. रेल्वे पुन्हा खुली झाली १५ सप्टेंबर १९९१ ला.

तिकिटाची एक खुबी : ब्रॉकेनचं भाडं कुठूनही बसा, सारखंच असतं आणि ते स्वस्त नाही. तेव्हा वाटेतल्या शिर्के गावापर्यंत मोटारीने जाऊन तिथे बसण्यात काही फायदा नाही. व्हेर्निगेरोडेपासूनच बसा. श्टायनेर्ने रेने स्टेशनापुढे सलग चढ सुरू होतो आणि जाळ्यातला एकमेव बोगदाही त्याच टप्प्यात आहे. इंजिनाचा आवाज ऐकायचा तर पहिल्या डब्याची उघडी गॅलरी पकडा. जाताना आणि येताना इंजिन पुढेच असतं, वर गेल्यावर ते बाजूच्या रुळाने फिरून दुसऱ्या टोकाला लागतं. गॅलरीत साधा गॉगल लावाच. राखेचा कण डोळ्यात गेला तर पुढचा तास वाया जातो. फिकट रंगाचं जॅकेट घालू नका.

इंजिनं १९५४ ते ५६ च्या दरम्यानची, बाबेल्सबर्गची. चाकांचे पाच जोडलेले कणे, शिवाय पुढे-मागे छोट्या चाकांचा एकेक कणा. साधारण ७०० अश्वशक्ती, टाक्यांत ८ हजार लिटर पाणी, मागे ४ टन कोळसा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती तेलावर चालवली जाऊ लागली, तेल महागल्यावर पुन्हा कोळसा आला. चढ १:३०. माथेरानची चढण १:२० आहे, त्यामुळे आकडा ऐकून नेरळकर हसेल. पण इथे मागे लांबलचक गाडी असते आणि तो चढ संपतच नाही.

ड्राय आनेन होनेला गाडी पाण्यासाठी थांबते. प्रवासी सॉसेजच्या टपरीकडे पळतात, आपण इंजिनाकडे जावं. फायरमन टाकीवर चढतो, नळाचा आडवा हात ओढून तोंडाशी आणतो, खाली दुसरा चाक फिरवून पाणी सोडतो. आम्ही विचारलं, चढावर सगळ्यात जास्त लक्ष कशावर? त्याने भट्टीकडे बोट केलंच नाही, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे केलं.

कारण असं. या मार्गावर इंजिनाचं धुराडं कायम डोंगराच्या दिशेला ठेवतात. चढावर बॉयलरमधलं पाणी मागे, भट्टीकडे सरकतं. भट्टीचं छत पाण्याखाली राहतं आणि काचेतही पाणी भरपूर दिसतं. पण माथ्यावर रूळ सपाट झाले की तेच पाणी पुढे पळतं आणि काचेतली पातळी झर्रकन उतरते. छत उघडं पडलं तर पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि मग वाफेचा दाब त्याला सोडत नाही. म्हणून माथा यायच्या आधीच बॉयलर वरपर्यंत भरलेला हवा. आता इंजेक्टरने, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या यंत्राने, थंड पाणी आत ढकललं की दाब पडतो, आणि दाब तर शेवटच्या चढाला पूर्ण लागतो. त्यावर उपाय एकच : पाणी घालायच्या आधी विस्तव तयार ठेवायचा. त्यासाठी कोळसा पातळ थरात, थोडा थोडा, कोपऱ्यांत आधी टाकायचा. एकदम ढीग टाकला तर धुराड्यातून काळा लोट निघतो. बघणाऱ्यांना तो फोटोसाठी आवडतो, फायरमनला तो वाया गेलेला कोळसा दिसतो. धूर फिकट करडा असेल तर समजा आत माणूस हुशार आहे.

शिर्केच्या पुढे गोएथेवेग नावाची क्रॉसिंगची जागा आहे. फलाट नाही, गाव नाही. एक गाडी बाजूच्या रुळात मागे सरकून थांबते, दुसरी निघून जाते. दोन्ही बाजूंना वाळून करडी पडलेली स्प्रूसची झाडं. आधी दुष्काळ, मग खोडकीड. या कोरड्या लाकडाला आग लागण्याची धास्ती मोठी आहे. २०२२ आणि २०२४ मध्ये इथे मोठे वणवे पेटले. फार कोरड्या दिवसांत वाफेऐवजी डिझेल इंजिन लागू शकतं, तेव्हा उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी चौकशी करावी.

डब्यात गार्डताई ट्रेमध्ये शिर्केर फॉयरश्टाइनच्या छोट्या बाटल्या घेऊन फिरत होत्या. ही शिर्के गावच्या औषधविक्रेत्याची जडीबुटीची दारू, कडसर. माथ्यावर मात्र धुकं. वर्षातले जवळपास तीनशे दिवस इथे धुकं असतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. खाली व्हेर्निगेरोडेला लोक अर्ध्या बाह्यांत होते. वाटाण्याचं दाट सूप हे इथलं खाणं. शाकाहाऱ्यांनी सावध राहावं : सॉसेज काढून दिलं तरी सूप बहुधा डुकराच्या चरबीतच शिजलेलं असतं. त्यांच्यासाठी सफरचंदाच्या गरासोबत मिळणारी बटाट्याची धिरडी बरी.

शुक्रवार : हार्त्स ओलांडून नॉर्डहाउझेन

व्हेर्निगेरोडेहून दक्षिणेला नॉर्डहाउझेनपर्यंत साठ किलोमीटर. या मार्गावर बऱ्याच फेऱ्या डिझेल रेलबसच्या असतात. वेळापत्रकात इंजिनाचं चित्र असलेली फेरीच वाफेची, ती बघून निघा.

वाटेत आयस्फेल्डर टालम्युलेला गाडी बदलून श्टीगेला जाता येतं. तिथे शेताच्या कडेला रुळांचा एक पूर्ण वळसा आहे. गाडी एका बाजूने आत शिरते आणि गोल फिरून आल्या वाटेला लागते. युरोपातल्या अगदी छोट्या वळशांपैकी हा एक. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले रूळ नुकसानभरपाईत उखडून सोव्हिएत संघाकडे गेले होते. १९८३-८४ मध्ये मार्ग पुन्हा जोडला, कारण जिल्बरह्युटेच्या औष्णिक केंद्राला कोळसा पोहोचवायचा होता. मालगाडीचं इंजिन दर वेळी पुढून मागे न्यायला नको, म्हणून वळसा.

पण या दिवसाचा मान इल्फेल्ड ते नॉर्डहाउझेन या तुकड्याला. इथे त्याच मीटर गेज रुळांवरून वाफेची गाडीही जाते आणि शहराची ट्रामही. दहा नंबरची ट्राम, २००४ पासून. नॉर्डहाउझेनच्या रस्त्यांत ती डोक्यावरच्या तारेतून ६०० व्होल्ट घेते. गाव संपलं की तार संपते. स्टेशनाबाहेर ट्राम थांबते, छतावरचा, तारेला टेकणारा पँटोग्राफ खाली बसतो, पायाखालून गुरगुर सुरू होते. ट्राममध्ये बीएमडब्ल्यूचं मोटारगाडीतलं आठ सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे. ते चाकं फिरवत नाही, जनरेटर फिरवतं. चाकांच्या मोटरी विजेच्याच राहतात, फक्त वीज कुठून येते ते बदलतं. म्हणून चालताना झटका असा जाणवतच नाही. शाळेची पोरं दप्तरं मांडीवर घेऊन मोबाइल बघत होती. ही अदलाबदल बघायला आम्ही ड्रायव्हरच्या मागे काच धरून उभे राहिलो, याचंच त्यांना जास्त कौतुक.

इल्फेल्डच्या नेआंडरक्लिनिक थांब्यापर्यंत जा आणि परत या. वाफेची गाडी कधी येते ते आधी बघून ठेवलं तर मधल्या एखाद्या स्टेशनवर ट्राम आणि इंजिन एकमेकांशेजारी सापडतात.

शनिवार : ओबरवाइसबाखची डोंगररेल्वे

एरफुर्टहून रॉटेनबाख, तिथे श्वार्त्सा नदीच्या दरीतली छोटी गाडी, आणि ऑब्स्टफेल्डरश्मीडेला उतरायचं. या दिवशी वाफ नाही, पण मला सगळ्या सफरीत ही रेल्वे उजवी वाटली.

समोर २५ टक्के चढाचा डोंगर. १३८७ मीटर लांबीत गाडी ३२३ मीटर वर जाते, अठरा मिनिटांत. दोरावर दोन वाहनं आहेत. एक पायऱ्यापायऱ्यांचा प्रवासी डबा. दुसरं म्हणजे पाचरीच्या आकाराचा मचाण, खालून तिरपा, वरून सपाट, आणि त्या सपाटीवर नेहमीच्या मोठ्या गेजचे रूळ. दरीतल्या रेल्वेवरून आलेला मालडबा टर्नटेबलवर काटकोनात फिरवायचा, मचाणावर ढकलायचा, ठोकळे लावायचे आणि जसाच्या तसा वर न्यायचा. वर लिश्टेनहाइनला मचाणाचे रूळ पठारावरच्या रुळांना भिडतात आणि डबा सरळ पुढे निघतो. माल उतरवून पुन्हा भरायची भानगड नाही. मूळ हेतूच तो होता. पठारावरच्या गावांना रेल्वे हवी होती आणि वळणावळणाने चढवण्याइतका खर्च झेपणारा नव्हता. १९२२ मध्ये आधी माल, १९२३ मध्ये प्रवासी.

आता मालाऐवजी मचाणावर प्रवासी डबा असतो, उन्हाळ्यात उघडा. मचाणाचीच फेरी पकडा. आपण सपाट बसलेले असतो आणि झाडं तिरपी वर जातात. मध्यावर दोन्ही वाहनं एकमेकांना ओलांडतात. तिथे सांध्याला हलणारा एकही भाग नाही. प्रत्येक वाहनाच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडून कड असते, ती आपली बाजू सोडत नाहीत. दुसऱ्या बाजूची चाकं रुंद आणि बिनकडेची, दोराच्या खाचेवरून जाण्यासाठी.

वर पुढे २.६ किलोमीटरची विजेवर चालणारी एकडबा गाडी कुर्सडॉर्फला जाते. मधलं ओबरवाइसबाख म्हणजे किंडरगार्टनची कल्पना मांडणाऱ्या फ्रीडरिश फ्रोबेलचं जन्मगाव. लिश्टेनहाइनचं यंत्रघर चुकवू नका, दोराचं मोठं चाक जवळून दिसतं. खाली येऊन मोहरी लावलेली थुरिंगियन सॉसेज. ती कोळशावर भाजलेली असली तरच घ्या.

रविवार : ड्रेस्डेन आणि राडेबॉइल

सकाळी लोश्विट्सची टांगती रेल्वे. लांबी २७४ मीटर, उंची ८४ मीटर, १९०१ ची. व्हुपर्टालच्या प्रसिद्ध लटकत्या रेल्वेमागचा ऑयगेन लांगेन हाच इथलाही कर्ता. फरक असा की इथे डबे दोराला बांधलेले आहेत, एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो. वरच्या स्टेशनच्या गच्चीवरून एल्बे नदी दिसते.

दुपारी राडेबॉइल ओस्ट. १८८४ पासूनचा ७५० मिलिमीटरचा मार्ग, १६.५ किलोमीटर, मोरिट्सबुर्गवरून राडेबुर्गला. वाइसेस रॉस थांब्यावर वाफेची गाडी चार नंबरच्या ट्रामचे रूळ सरळ कापून जाते. ड्रेस्डेनची ट्राम १४५० मिलिमीटरची, म्हणजे मोठ्या रेल्वेपेक्षाही १५ मिलिमीटरने रुंद. त्या छेदावर आठ ठिकाणी रूळ तुटलेले असतात, आणि ट्राम तिथे हळू होऊन ठकठक करत जाते. फोटोसाठी ट्रामच्या थांब्यावर उभे राहा.

पुढे द्राक्षमळ्यांखालची दरी, मग डिपेल्सडॉर्फच्या तळ्यातून बांधावरून गाडी जाते, दोन्हीकडे पाणी. मोरिट्सबुर्ग स्टेशनपासून तळ्यातला राजवाडा चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथे आयरशेके मागा : खाली पाव, मध्ये चक्का, वर अंड्याचा मऊ थर.

राडेबुर्गपर्यंत दिवसातून मोजक्याच फेऱ्या जातात, बाकीच्या मोरिट्सबुर्गहूनच माघारी फिरतात. पूर्ण मार्ग करायचा असेल तर राडेबॉइलला चढायच्या आधीच फलाटावरचा तक्ता बघा, आणि परतीची शेवटची गाडी कोणती तेही तिथेच लिहून घ्या. ती संध्याकाळी आपल्या अंदाजापेक्षा लवकर सुटते.